फ्लॅटचं सगळं विचारतात, जमिनीचं कोणी विचारत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात घरांच्या जाहिराती येतात, त्यात कार्पेट एरिया असतो, स्टेशनपासून किती मिनिटं ते असतं, ईएमआय किती बसेल तेही असतं, पण बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती आज कोणाच्या नावावर आहे हे कुठेच नसतं, आणि घेणारे पण विचारत नाहीत. मी डोंबिवलीत एका जुन्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. आमच्याकडे फ्लॅट विकले जातात, घेणारे लोक एजंटला घेऊन ऑफिसात येतात आणि सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. त्यांना जे सांगतो ते इथे लिहितोय, कारण जन्मभराची कमाई घालून लोक घर घेतात आणि ही माहिती त्यांना वेळेवर मिळत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पहिला प्रश्न ठरलेला, "एग्रीमेंट रजिस्टर झालं म्हणजे घर आपलं झालं ना?" फ्लॅटपुरतं हो. एग्रीमेंट रजिस्टर, स्टॅम्प ड्युटी भरलेली, ताबा मिळाला, सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवलं, की तुम्ही त्या फ्लॅटचे. पण खालची जमीन आणि पूर्ण इमारत सोसायटीच्या नावावर होते ती कन्व्हेयन्स झाल्यावर. तोपर्यंत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून बघा, तिथे बिल्डरचं नाहीतर मूळ जमीनमालकाचं नाव दिसेल. १९६३ च्या मोफा म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे बिल्डरने सोसायटी रजिस्टर झाल्यापासून ४ महिन्यांत कन्व्हेयन्स करून द्यायचं असतं, रेरा म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्राच्या कायद्याच्या कलम १७ मध्ये पण स्थानिक कायद्यात वेगळं काही नसेल तर ओसी (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) मिळाल्यापासून ३ महिने म्हटलंय. प्रत्यक्षात वीस वीस, तीस तीस वर्षं झालेल्या बिल्डिंगा तशाच पडून आहेत आणि त्यातले फ्लॅट आरामात विकले जातायत.

मग लोक म्हणतात इतकी वर्षं काही बिघडलं नाही तर आता काय बिघडणार. बिघडतं ते बिल्डिंग जुनी झाली की. रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला की पहिला कागद मागतात कन्व्हेयन्सचा, तो नसेल तर जुना बिल्डर हक्क सांगत येतो, मूळ मालक वारलेला असतो आणि त्याचे वारस उभे राहतात, शिल्लक एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं तो हक्क) किंवा टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरून आणलेला जादा बांधकामाचा हक्क) कोणाचा यावरून वर्षानुवर्षं भांडण चालतं, आणि स्लॅब गळतोय, प्लास्टर पडतंय, म्हातारी माणसं त्याच घरात राहतायत. फ्लॅट घेताना तुम्ही जो भाव देता त्यात जमिनीचा पैसा धरलेला असतो, मग तिच्याबद्दल विचारायला संकोच कशाला?

म्हणून रिसेलचा फ्लॅट बघायला गेलात की टाइल्स आणि मॉड्युलर किचन बघून झाल्यावर सोसायटीच्या ऑफिसात जा आणि सरळ विचारा, कन्व्हेयन्स झालंय का, झालं असेल तर प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव लागलंय का. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. सातबारा सरकारच्या महाभूलेख वेबसाइटवर घरबसल्या दिसतो. कन्व्हेयन्स नसेल तर फ्लॅट घेऊच नका असं मी म्हणत नाही, तसं म्हटलं तर आमच्या भागात घरं घेणंच बंद होईल, पण मग भाव करताना ते धरा आणि कमिटीने डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डरशिवाय सोसायटीने स्वतः करून घ्यायचं कन्व्हेयन्स, पुढे सांगतो) अर्ज केलाय का ते तरी विचारा.

दुसरा नेहमीचा प्रश्न, "बँकेने लोन पास केलं म्हणजे टायटल क्लिअर असणारच ना?" बँकेचा वकील बँकेसाठी बघतो, त्याची फी तुमच्या खात्यातून गेली तरी. स्वतःचा वकील लावा, ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुने दस्त तपासल्याचा अहवाल) घ्या, आणि फ्लॅट आधी ज्यांच्या ज्यांच्या हातातून गेलाय त्या सगळ्यांची एग्रीमेंट आणि इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा) अशी पूर्ण चेन मागून घ्या. मधलं एक जुनं एग्रीमेंट हरवलेलं असतं किंवा त्यावर पूर्ण स्टॅम्प ड्युटी भरलेली नसते, विकणारा म्हणतो "अहो काही होत नाही", पण तोच कागद पुढे लोनला अडतो, आणि सोसायटी डीम्ड कन्व्हेयन्सला गेली की प्रत्येक फ्लॅटचा इंडेक्स टू लागतो तेव्हा तुमच्या एकट्यामुळे सगळ्या बिल्डिंगची फाइल थांबते. हे आमच्या कमिटीने अनुभवलंय, सभासदांच्या दारोदार फिरून कागद गोळा करायला लागले.

फ्लॅट वडिलांच्या नावावर होता, ते गेले, एका मुलाचं नॉमिनेशन आहे आणि तो विकतोय, असंही खूप असतं. नॉमिनी म्हणजे मालक नाही, बाकीच्या वारसांचा हक्क तसाच राहतो. सगळ्या वारसांचं रिलीज डीड (हक्क सोडल्याचा दस्त) किंवा कोर्टाचा कागद बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका, बहीण सासरी असते, तिला कोणी विचारलेलंच नसतं, आणि तिने उद्या हक्क मागितला तर ती काही चुकीची नाही.

स्टॅम्प ड्युटीचं थोडक्यात सांगतो. मुंबईत मेट्रो सेस धरून ६ टक्के, पुण्यात ७ टक्के, आणि ती एग्रीमेंटची किंमत किंवा रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेल्या दराची) किंमत यात जी जास्त त्यावर. रजिस्ट्रेशन फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. बाईच्या नावावर घेतलं तर २०२१ पासून १ टक्का सवलत आहे, पण "बायकोचं नाव जॉइंट टाकलं तर मिळेल ना" हे सगळे विचारतात आणि उत्तर नाही असंच आहे, घेणाऱ्या सगळ्या महिलाच पाहिजेत. १५ वर्षं पुरुषाला विकता येणार नाही ही अट मात्र २०२३ मध्ये काढून टाकली. सही झाल्यापासून ४ महिन्यांत रजिस्टर करा. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस घेणाऱ्याने कापून भरायचा, विकणारा एनआरआय असेल तर नियम वेगळे, तिथे आधी सीएला गाठा.

सोसायट्यांबद्दल पण लिहायलाच पाहिजे. आदर्श उपविधीत (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत) फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी लागत नाही असं स्पष्ट आहे, बँक मागते म्हणून आपण देतो. ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. त्याच्या वर "डोनेशन" म्हणून लाख लाख मागणाऱ्या कमिट्या आहेत, ते बरोबर नाही, आणि गंमत बघा की त्याच कमिट्यांना कन्व्हेयन्सचा अर्ज करायला वर्षानुवर्षं वेळ मिळत नाही.

नवीन बिल्डिंगमध्ये बुकिंग करत असाल तर किमतीच्या १० टक्क्यांच्या वर पैसे एग्रीमेंट रजिस्टर झाल्याशिवाय बिल्डरला घेता येत नाहीत, रेराचं कलम १३. आणि नुसता रेरा नंबर बघून थांबू नका. आमच्याच कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, महापालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून रेरा नंबर मिळवले गेले, २०२४ मध्ये हायकोर्टाने पाडायचे आदेश दिले, आणि त्यात राहणाऱ्या कुटुंबांवर काय वेळ आली ते आम्ही डोळ्यांनी बघतोय. त्यांच्याकडे एग्रीमेंट होतं, लोन होतं, रेरा नंबर होता. बांधकाम परवानगीचा नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन खात्री करा, एक दिवस जाईल पण जाऊ दे.

आता डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे मानीव अभिहस्तांतरण. बिल्डर देत नसेल, सापडत नसेल तरी मोफा कायद्यातल्या २००८ च्या दुरुस्तीमुळे सोसायटी स्वतः जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते, बिल्डरला नोटीस जाते, सुनावणी होते, कायद्यात ६ महिन्यांत निर्णय द्यावा असं आहे. सभासदांनी आधी भरलेली स्टॅम्प ड्युटी धरली जाते त्यामुळे लोकांना वाटतं तेवढा खर्च येत नाही. पण ऑर्डर हातात आली की पेढे वाटून मोकळे होऊ नका. त्यानंतर डीडचं स्टॅम्पच्या ऑफिसात अभिनिर्णय (किती ड्युटी लागते ते ठरवून घेणं), मग दुय्यम निबंधकाकडे रजिस्ट्रेशन, आणि शेवटी सिटी सर्व्हे किंवा तलाठ्याकडे फेरफार करून नाव लावणं, हे सगळं व्हायला लागतं. कित्येक सोसायट्या ऑर्डरवरच थांबल्यात.

माझी सरकारला मागणी एवढीच आहे की रिसेल फ्लॅटच्या एग्रीमेंटमध्ये सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय की नाही आणि प्रॉपर्टी कार्डावर कोणाचं नाव आहे हे लिहिणं सक्तीचं करावं, आणि त्याशिवाय दुय्यम निबंधकांनी दस्त घेऊच नये. आणि तुम्हालाही विनंती, घरांच्या जाहिराती छापता तिथे जुन्या बिल्डिंगच्या जाहिरातीत ही एक ओळ मागून घ्या, "कन्व्हेयन्स झालेलं आहे" किंवा "झालेलं नाही".

आपला,
एका सोसायटीचा सेक्रेटरी, डोंबिवली पूर्व