तुझी अकरा कलमं

रत्नागिरी,
शिमग्याचा दुसरा दिवस

प्रिय बाळ्या,

दीड वर्ष झालं, माझं पत्र नाही. फोनही तूच करतोस. शिव्या घालून घे नि पुढे वाच. तब्येत बरी. साखर आहे तिथेच, गोळी वाढली. हिचा गुडघा तसाच.

गेल्या महिन्यात दिल्लीला जाऊन आलो. ऐन मोहरात! सुहासने राजधानीची तिकिटंच पाठवली. फवारणी गुरख्यावर सोपवली नि निघालो. निजामुद्दीनला उतरल्यापासून आठ दिवस पोरगा नुसत्या बागा दाखवतोय. मला वाटलं, म्हाताऱ्याला झाडांची हौस म्हणून.

राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान 15 एकर. ट्युलिप बघून ही हरखली. माझ्या डोक्यात हिशेब, की आपल्याकडे एवढ्या जमिनीच्या सातबाऱ्यावर चाळीस नावं असती नि तुझ्या काकांनी मधूनच वाट मागितली असती. लोदी गार्डनमध्ये घुमटांच्या सावलीत लोक डबे सोडून बसलेले. 1936 साली तिथलं गाव उठवून ती बाग केली. आपल्याकडे बाग उठवून प्लॉट पाडतात.

पण लिहायला बसलोय ते हुमायूनच्या मकबऱ्यापायी. त्याच्या बेगमने बांधून घेतलेला. "माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका," ही लगेच म्हणाली. मी मात्र इमारत सोडून पाट बघत बसलो. बागेचे चार भाग, त्यांचे पुन्हा मिळून छत्तीस, नि सगळीकडून दगडी पाट. उतार म्हणशील तर 40 मीटरला जेमतेम सेंटिमीटरभर, तरी पाणी चालतं! आमच्या पोफळीच्या पाटाला तू उतार काढून दिला होतास, आठवतं? अर्धं आगर तळं नि अर्धं कोरडं ठणठणीत.

त्या पाटाशीच सुहास म्हणाला, "बाबा, मी काही परत यायचा नाही. अंगात बळ आहे तोवर बाग विका नि इकडे या."

काय बोलणार? 1857 साली बहादूरशहाला ह्याच मकबऱ्यात पकडलं नि पुढे रंगूनला धाडलं. नि मंडालेचा, म्हणजे ब्रह्मदेशचा, राजा थिबा इंग्रजांनी आणून ठेवला आपल्या गावात. गुरुजी थिबा पॅलेसच्या पायरीवर हे सांगत होते तेव्हा तू विचारलंस, "मग त्याला हापूस आवडला का?" नि छडी खाल्लीस. तीस वर्षं इथे काढून 1916 ला इथेच गेला बिचारा. त्याला आवडला की नाही, ह्याच्यावर मी दिल्लीत एक अख्खी रात्र जागून काढली. हसू नकोस.

परत आलो तर थंडीने पुनर्मोहर आलेला नि धरलेली कणी गळून खाली सडा. औषधाचं बिल निघेल एवढ्याही पेट्या होतील असं दिसत नाही. म्हणजे पोरगा हिशेबाने बरोबरच आहे, आणि तेच डोक्यात जातं. गिऱ्हाईक आहे. शेजारचा प्लॉटवाला दोनदा येऊन चहा पिऊन गेला. हिने तिसऱ्यांदा बिनसाखरेचा दिला.

तू तुझी अकरा कलमं विकलीस तेव्हा भर नाक्यावर मी तुला काय काय बोललो, ते मी विसरलेलो नाही. तू विसरला असशील असं धरून चाललोय. सुहासच्या मुंजीला तू आला नाहीस, तर तेही मी तुझ्याच नावावर मांडलं. पैशाची नड होती एवढंच तू म्हणालास. कसली, ते मी विचारलंसुद्धा नाही.

वहिनींचं मोतीबिंदूचं उरकलं का? धाकटीला नोकरी लागल्याचं कळलं, पेढे कुरियरने चालतील. डोंबिवलीत पाणी येतंय ना?

एक सांग. खरेदीखतावर सही केलीस, त्या दिवशी संध्याकाळी परत बागेत गेला होतास का? की सरळ गाडी पकडलीस?

तुझा,
अण्या