बाबा, ती सर्दीची गोळी घेऊ नका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा "मी बरा आहे" म्हणाले ते मला "बी बरा आहे" असं ऐकू आलं, आणि मागून आईची शिंक. तेव्हापासून जिवाला चैन नाही. हे वहिनीच्या मोबाइलवर पाठवते आहे, तिच्याकडून वाचून घ्या.

बाबा, तुम्ही म्हणता की रात्रीच्या लायटीवर हरभऱ्याला पाणी भरलं, गार वारा लागला, म्हणून पडसं झालं. अंग काकडतं हे खरं, मफलर सोडू नकाच. पण पडसं होतं विषाणूमुळे, आणि तो माणसाकडून येतो. मंगळवारी मळ्यात भरताची पार्टी झाली, काका सारखे शिंकत होते, हे आईनेच सांगितलं. शिंकताना तोंडावर धरलेल्या हातानेच त्यांनी कळण्याची भाकरी मोडून वाढली असणार. तो हात तुमच्या हाताला लागला, तुमचा हात नाकाडोळ्यांना. लागण झाल्यावर एक ते तीन दिवसांत त्रास सुरू होतो. गुरुवारी तुमचा घसा खवखवला, म्हणजे हिशोब जुळतो.

आई, पहिले दोन-तीन दिवस सर्दी सगळ्यात जास्त पसरते. बाबांचा रुमाल आणि टॉवेल वेगळा ठेव, पदराला नाक पुसू नकोस. भाकरी थापायच्या आधी आणि बाळाला घेण्याआधी साबणाने वीस सेकंद हात चोळून धू. आणि बाळाला मधाचं बोट अजिबात चाटवू नकोस. तू आम्हा सगळ्यांना चाटवलंस, माहीत आहे. पण वर्षाच्या आतल्या लेकराला मधातून जिवावरचं विषबाधेचं दुखणं होऊ शकतं.

तुम्ही दोघं मात्र कोमट पाण्यात मध घ्या, खोकला निवतो. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आल्याचा चहा, हळदीचं दूध, सगळं चालेल. वाफेने विषाणू मरत नाही, नाक थोडा वेळ मोकळं वाटतं एवढंच. घ्यायचीच असेल तर उकळत्या पाण्याचा गंज मांडीवर घेऊ नका, बाबांचा हात थरथरतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाबा, मेडिकलवरून ती सुटी सर्दीची गोळी आणू नका. दोन वर्षांपूर्वी अशीच गोळी घेतलीत आणि रात्री लघवी अडकली. धुळ्याला पोचेपर्यंत तुम्ही गाडीत कसे तळमळत होतात ते मी विसरलेले नाही. त्या गोळीत नाक सुकवणारं औषध असतं, प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्याने तुंबू शकते. नाक मोकळं करणारं दुसरं औषध बीपी वाढवतं. तुम्हाला दोन्ही त्रास आहेत. कणकण वाटली तर डॉक्टरांनी लिहून दिलेली पॅरासिटामॉलच घ्या. शेंबूड पिवळा झाला म्हणून अँटिबायोटिकही मागू नका, विषाणूवर ती चालत नाही.

सर्दी सात ते दहा दिवसांत उतरते, खोकला थोडा मागे रेंगाळतो. पण धाप लागली, छातीत दुखलं, ताप तीन दिवसांच्या वर गेला किंवा बोलण्यात भ्रम वाटला, तर माझी वाट न पाहता दादाला सांगून दवाखाना गाठा.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. तोवर रात्रीचं पाणी दादा भरेल, त्याच्याशी माझं बोलणं झालं आहे.

तुमची,
धाकटी