घंटेत कोंबलेल्या गवताबद्दल

मामा, नमस्कार.

हे पत्र तुमच्या नातीच्या मोबाइलवर येईल आणि ती ते तुम्हाला वाचून दाखवेल, असं तिनं कबूल केलंय. बाकीच्यांनीही वाचावं म्हणून उघडच लिहितेय. त्या दिवशी निघताना तुमचे आभार मानायचे राहिले, कारण तुम्ही काय केलंत हेच मला कळलं नव्हतं. परवा मामींशी फोनवर बोलले तेव्हा कळलं. तेव्हापासून घशात काहीतरी अडकून बसलंय.

तुमच्या वाडीत मी कशी येऊन टपकले, हे तुम्ही विचारलं नव्हतंत. दीड वर्षापूर्वी माझे कान तपासले. वय ५६. बारीक, उंच आवाज दोन्ही कानांतून चाललेत आणि परत येणार नाहीत, असं निघालं. वयानं कान जातो तो वरच्या टोकाकडून. माणसांचं बोलणं ऐकू येतं, रातकिडे आधी गळतात. घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मी एक रेकॉर्डर घेतला आणि रान ऐकू येतंय तोवर ऐकून घ्यायचं ठरवलं.

मग भेटलेल्यांबद्दल फार लिहीत नाही, थोडंच लिहिते. पैसे भरून झाडांशी संवाद साधायच्या एका शिबिराला गेले. तिथं जांभळीच्या खोडाला स्टेथोस्कोप लावून ‘हा झाडाच्या हृदयाचा ठोका’ म्हणून ऐकवलं. फांद्या वाऱ्यानं हलल्या की खोडातून धक्के उतरतात, ते ते होते. त्यात थोडी आमच्याच हातांची थरथर. झाडं आवाज करतच नाहीत असं नाही. पाणी कमी पडलं की खोडाच्या नळ्यांमधली पाण्याची धार ताणून तुटते आणि टिक् होतं. तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली टोमॅटो आणि तंबाखूच्या तहानलेल्या रोपांचे आवाज नोंदवून प्रसिद्ध केले. ते ४० ते ८० किलोहर्ट्झचे होते. धडधाकट माणसाचा कान वीसच्या वर जात नाही, माझा आठालाच अडखळतो. तेव्हा शिबिरातल्या ज्या गृहस्थांनी ‘मला ऐकू येतंय’ म्हणत डोळे मिटले, त्यांचं मला कौतुकच वाटलं. दुसरीकडे एका गाइडनं, शीळकरी कस्तूर हा पक्षी गप्प आहे म्हणून मोबाइलवर त्याचीच शीळ मोठ्यानं वाजवली. ऐन विणीच्या दिवसांत. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून तो बिचारा सैरभैर झाला. मी यंत्र पिशवीत टाकलं आणि घरी आले.

आणि मग तुम्ही. भीमाशंकरच्या डोंगरात, देवराईच्या तोंडाशी, इरलं पांघरून उभे. ‘काय नेनार हितनं?’ मी म्हटलं, आवाज. वाऱ्याचा घूं घूं येऊ नये म्हणून माइकवर केसाळ टोपडं असतं, ते बघून तुम्ही विचारलंत, ‘ह्ये काय, उदमांजर?’ मग म्हणालात, ‘आवाज न्या. काडी न्यायची न्हाई. चपला हितं काढा.’ परवानगीचं काम एवढ्यात झालं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात हिंडून अशा देवरायांच्या नोंदी केल्या, अभयारण्य १९८५ सालचं. तुमचा काडीचा नियम त्याच्या कितीतरी आधीचा.

आत गेले, हेडफोन लावला, आणि कानात टण् टण् टण्. तुमच्या चार गाई कडेला चरत होत्या. मी तोंडातून शब्द काढला नाही. काढणार कशी, रान तुमचं, गाई तुमच्या. फक्त हेडफोन काढून तिकडे बघितलं असेन. तुम्ही उठलात, ओलं गवत उपटलंत, आणि एकेका गाईची मान खाजवत एकेका घंटेत ते कोंबलंत. शेवटची कालवड मान झटकत होती, तिची घंटा मुठीत घट्ट धरून आधी तिला शांत केलंत. मग माझ्याकडे बघून हात हलवलात, ‘चालू द्या’ असा, आणि गाई घेऊन धुक्यात दिसेनासे झालात.

त्यानंतरची ४७ मिनिटं माझ्याकडे आहेत. पाऊस थांबलेला, पण देवराईतला थांबलेला नाही. वरचं पान खालच्या पानावर थेंब टाकतंय. भेरली माडाच्या झावळीवर पडला की टप्पकन वाजतो, शेवाळ्यावर पडला की विरून जातो. गारंबीच्या वेलीवर गेल्या सालच्या हातभर वाळक्या शेंगा अजून लटकत होत्या, झुळूक आली की आत बिया खुळखुळतात. बारक्या बेडकांची टिकटिक. ओढ्याकडून कस्तूर, कुणी न बोलावता, पोरानं शाळा बुडवून शीळ घालत हिंडावं तसा. एकदा शेकरू कुणावर तरी खवळलं.

मी चारच्या एसटीनं निघाले. निघताना तुम्ही घाईघाईनं आलात, ‘झालं का मनासारखं?’ एवढंच विचारून परत डोंगराकडे वळलात. मला वाटलं, कामं असतील.

मामींनी सांगितलं ते असं: त्या धुक्यात चार हातांवरचं दिसत नाही, जनावर कुठे आहे हे घंटेवरूनच समजतं. कालवड चुकली होती. रात्री दहापर्यंत तुम्ही बॅटरी घेऊन हिंडलात, बिबट्याच्या रानात, आणि घसरून गुडघा फोडून घेतलात. ताईंना फोन करू नका, त्यांना वाईट वाटेल, असं वर घरच्यांना बजावलंत.

मामा, निसर्गावर तासभर बोलू शकतील अशी माझ्या ओळखीची पुष्कळ माणसं आहेत. त्यांतल्या कितींनी माझ्यासाठी निदान स्वतःचा फोन मुका केला असता, मला शंका आहे. तुम्हाला तर मी त्या आवाजांचं काय करणार हेही ठाऊक नव्हतं.

नातीच्या पत्त्यावर पेन ड्राइव्ह पाठवलाय. ४१व्या मिनिटाला लांबून एक हाळी ऐकू येते. रेकॉर्डिंग साफ करताना मी ती कापून टाकली होती, माणसाचा आवाज नको म्हणून. आता ती जागच्या जागी आहे. कीटकांचा एक उंच, सलग सूर पण आहे. संगणकावर त्याचा पट्टा दिसतो, मला ऐकू येत नाही. नातीला म्हणावं, नीट ऐक आणि कसा आहे ते मला सांग.

गुडघा डॉक्टरला दाखवा. कालवड आली, ते बरं झालं. दिवाळीच्या आधी येते. तेव्हा घंटांत काही कोंबू नका. त्यांचा आवाज आठ किलोहर्ट्झच्या पुष्कळ खालचा आहे, मला अजून बरीच वर्षं ऐकू येईल.

तुमची,
उदमांजरवाली ताई