सुभेदारसाहेब, माझ्या मुलीचे मिटलेले डोळे उघडल्याबद्दल

आदरणीय सुभेदारसाहेब,

सादर नमस्कार.

आभार प्रत्यक्ष भेटूनच मानले असते. परंतु आपण ते "बरं, बरं" म्हणत हाताने झटकून टाकता, हा गेल्या तीन महिन्यांचा अनुभव असल्यामुळे हे पत्र उघडपणे लिहीत आहे. शिवाय इंदुरातील आमच्या ओळखीची दोन मराठी कुटुंबे मुलांना नेमबाजी शिकवण्याच्या विचारात आहेत, तेव्हा माझी चूक त्यांच्याही वाचनात आलेली बरी.

चूक अशी की, मुलीच्या नवव्या वाढदिवसाला मी ०.१७७ बोअरची (म्हणजे नळीचा आतला व्यास ०.१७७ इंच), नळी खाली वाकवून स्प्रिंग ताणावी लागणारी एअर रायफल आणली आणि वर दुर्बीणही बसवली. छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असलेल्या अशा रायफलीला परवाना लागत नाही, म्हणजे ती मुलांजोगी असणारच, असा सोयीचा अर्थ मी काढला होता. देवास रस्त्यावरच्या एका नातलगांच्या शेतात पहिलाच छर्रा सुटला आणि डोळ्याला चिकटवलेली दुर्बीण तिच्या भुवईवर आपटली. जखम नव्हती, नुसता लाल वळ होता. पण त्यानंतर ट्रिगरला बोट लागले की तिचे दोन्ही डोळे गच्च मिटत. मी "घाबरू नकोस" असे सांगत राहिलो. त्याचा उपयोग शून्य होता.

महूच्या छावणीत जवानांना नेम शिकवण्यात आपली वर्षे गेली, त्यामुळे आपण तिला काही न सांगता आधी माझी रायफल हातात घेतली. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, हे त्या दिवशी सांगायला मला संकोच वाटला. स्प्रिंगच्या रायफलीत हवा दाबणारा जड पिस्टन आधी पुढे धावतो, तेव्हा रायफल मागे येते. तो पुढे जाऊन थबकला की तीच रायफल उलट पुढे ओढली जाते. आणि हा दुहेरी झटका छर्रा नळीत असतानाच सुरू होतो, म्हणून ती पकडायला मोठ्यांनाही अवघड जाते, हे आपण दोन बोटे पुढेमागे हलवून समजावलेत. मुलगी आता घरी पाहुण्यांना तस्सेच करून दाखवते.

आपण तिच्यासमोर ठेवलेल्या दाबयुक्त हवेच्या रायफलीत तो पिस्टनच नव्हता. घरी येऊन मी गणित मांडले: अर्धा ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने सुटला, तर ४ किलोची रायफल मागे सरकते ती सेकंदाला जेमतेम २ सेंटिमीटर वेगाने. तेवढ्याच वजनाच्या पॉइंट टू टू (०.२२ बोअरच्या, बारुदाची गोळी झाडणाऱ्या) रायफलीत हा वेग त्याच्या सुमारे दहापट होतो. झटका कमी हवा असेल तर रायफल जड हवी, आणि जड रायफल नऊ वर्षांच्या हातांना पेलत नाही. या पेचावर आपला उपाय इतका साधा होता की मला तो सुचायलाच हवा होता. आपण तिला खुर्चीवर बसवले, रायफलीचे वजन टेबलावरच्या वाळूच्या पिशवीवर सोपवले आणि बट, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, तिच्या हाताच्या मापाने आखूड करून दिली. लांब बटपुढे मान ताणून बसणाऱ्या मुलाचा गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

मात्र आभार मानायचे ते मुख्यतः त्यानंतरच्या खेळाबद्दल. त्या रायफलीत छर्रा न घालता ट्रिगर दाबण्याची सोय आहे. (स्प्रिंगच्या रायफलीत असे केले तर पिस्टन आणि त्याचे सील खराब होते; मी ते आठवडाभर तिच्याकडून "सरावासाठी" करून घेत होतो.) कधी छर्रा घालून, कधी न घालता, तिच्या नकळत आपण रायफल सज्ज करून देत होता आणि लक्ष्याकडे न पाहता तिच्या पापण्यांकडे पाहत होता. छर्रा नसतानाही आपले डोळे मिटतात, हे चौथ्या-पाचव्या वेळी तिचे तिलाच कळले आणि ती खुदकन हसली. तिची भीती त्या हसण्याबरोबरच निम्मी गेली असावी, असे मला वाटते.

मी हौसेने आणलेले, मध्ये अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असलेले १० मीटरचे लक्ष्य आपण उलटे करून कोरी बाजू पुढे टांगलीत. गुण मोजायचे नाहीत, फक्त छिद्रे जवळजवळ येतात का ते पाहायचे. दिवसाला वीसच छर्रे, डोळ्यांवर चष्मा, नळी सदैव लक्ष्याकडे, नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. आणि छर्रे शिशाचे असल्यामुळे खाण्याचा डबा उघडण्यापूर्वी साबणाने हात धुणे. या शेवटच्या नियमावरून ती मला रेंजवर सर्वांदेखत रागावली आहे, हेही नोंदवतो.

मागच्या रविवारी तिची पाच छिद्रे दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकली गेली. तो कागद तिने आपल्याला दिला, मला दिला नाही.

माझी रायफल दुर्बीण काढून कपाटात कुलपात ठेवली आहे आणि छर्रे दुसऱ्या कुलपात आहेत. दोन्ही किल्ल्या सुभेदार आजोबांकडेच, म्हणजे आपल्याकडेच असाव्यात, असे मुलीचे मत पडले. येत्या रविवारी घेऊन येतो.

आपला नम्र,
आपल्या सर्वांत लहान शिष्येचा बाबा
इंदूर