काकांच्या रिळांबद्दल

प्रिय सुहास,

गिरगावच्या घराच्या माळ्यावर काकांच्या घरगुती फिल्मच्या रिळांचा डबा सापडला हे वाचून फार बरं वाटलं. पण पुढच्याच ओळीत ‘रविवारी त्यांच्याच प्रोजेक्टरवर लावून बघतो’ म्हणतोस, म्हणून लगोलग लिहायला बसलो. लावू नकोस. साठ वर्षांत फिल्म आक्रसते, तिच्या कडेची भोकं प्रोजेक्टरच्या, फिल्म पुढे ओढणाऱ्या नखाशी जुळत नाहीत आणि नख प्रत्येक चौकटीला, म्हणजे एकेका चित्राला, भोक फाडत पुढे जातं. मध्ये अडकली तर दिव्याच्या आचेने चौकट करपते ती वेगळीच.

आधी डबा उघडून नुसता वास घे. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचं अ‍ॅसिटेट, म्हणजे तिची प्लास्टिकची पट्टी, सडायला लागलंय. ते रीळ लगेच बाजूला काढ, कारण त्याची वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. आक्रसणं मोजायचं तर नव्या फिल्मची १०० भोकं शेजारी ठेव. जुनीची १०१ त्याच लांबीत बसली, तर ती साधारण एक टक्का आक्रसली. अशी फिल्म दातेरी चक्र नसलेल्या स्कॅनरवरच द्यायची.

मुंबईच्या दमट हवेत बुरशी ठरलेलीच. पांढुरकी जाळी दिसली म्हणून ओल्या फडक्याने पुसशील, तर चित्रच फडक्यावर येईल. बुरशी चित्र धरून ठेवणाऱ्या लेपातलं जिलेटिन खाते आणि मग ते पाण्यात विरघळतं. कोरडं मखमली कापड हलक्या हाताने फिरव, बाकीचं स्कॅन करणाऱ्यावर सोड. हातात सुती मोजे घाल आणि फिल्म कडेनेच धर.

आता फिल्म कुठली ते ओळख. कडेचं भोक मोठं आणि दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर असेल तर ती साधी आठ मिलिमीटर. भोक बारीक आणि चौकटीच्या मध्यावर असेल तर सुपर एट, म्हणजे १९६५ किंवा त्यानंतरची. साध्या आठमध्ये २५ फुटांची सोळा मिलिमीटर रुंद पट्टी आधी एका कडेने, मग उलटून दुसऱ्या कडेने चालवत. धुतल्यावर ती मधोमध चिरून, जोडून ५० फूट करत. म्हणून रिळाच्या मध्यावर पांढरा-नारिंगी झगमगाट दिसला तर घाबरू नकोस. पट्टी उलटताना उजेड शिरलाय. तो कापू नकोस, कारण त्याच्या अलीकडचं बारसं आणि पलीकडचे गणपती यांत कित्येक महिने गेलेले असू शकतात.

स्कॅन करणाऱ्याला तीन गोष्टी बजाव. एकेक चौकट स्वतंत्र टिपायची. भिंतीवर पाडलेल्या चित्राचं मोबाइलने शूटिंग नको, त्यात चित्र लुकलुकतं. गती साध्या आठला सेकंदाला १६ आणि सुपर एटला १८ चौकटी. पंचवीसने चालवली की चर्नी रोडची सगळी माणसं लोकल चुकल्यासारखी पळतात. आणि चौकटीबाहेरची कडही टिपायची. कोडॅकच्या कडेवर गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात, त्यावरून फिल्म बनल्याचं वर्ष कळतं. खुणा दर वीस वर्षांनी पुन्हा त्याच येतात, आणि हे वर्ष फिल्म बनल्याचं, चित्रण त्यानंतरचं.

पुढची तारीख मात्र चित्रातूनच काढावी लागते, आणि खरी गंमत तिथे आहे. काकांनी कॅमेरा धरला तो काकूंवर. शहर आपलं मागून चाललंय. समज, काकू काळ्या घोड्यापाशी उभ्या आहेत आणि मागे घोडा जागेवर आहे. तो पुतळा १९६५ मध्ये हलवला, म्हणजे शॉट त्याआधीचा. दुसऱ्या शॉटमध्ये ट्राम धावत असेल तर १९६४ च्या मार्चअखेरीनंतरचा असूच शकत नाही. ३१ मार्चला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. खाली रूळ नाहीत पण बसच्या टपावर दोन दांड्या तारांना टेकल्यात? ती ट्रॉलीबस, १९६२ ते १९७१. गेटवेसमोर शिवाजी महाराज घोड्यावर दिसले तर २६ जानेवारी १९६१ किंवा नंतर. केम्प्स कॉर्नरला पूल नसेल तर एप्रिल १९६५ च्या आधी. दुकानांच्या पाट्या उलट्या वाचाव्या लागल्या तर फिल्म उलट्या बाजूने स्कॅन झालीय, परत पाठव.

म्हणूनच सांगतो, ‘नुसता रस्ता आहे, काढून टाकू’ म्हणत काही छाटू नकोस. चित्र रुंद पडद्यावर भरावं म्हणून वरखालून कापायचा मोह तर अजिबात नको. पाट्या, तारा, गच्चीवर वाळत घातलेली लुगडी, सगळं त्या वरच्या पट्टीतच असतं.

रंगांचंही सांगतो. कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची एक रंगीत फिल्म, अंधारात राहिलं असेल तर लाल अजून लालच असेल. बाकीची बरीच रंगीत रिळं गुलाबी पडतात. रंग सुधारलेली प्रत वेगळी ठेव, मूळ स्कॅन आहे तसंच. आणि पिवळी खोकी टाकू नकोस. त्यावर टपालाचा शिक्का किंवा काकांचं अक्षर असेल.

स्कॅन झालं की काकूंना शेजारी बसव आणि त्या बोलतील ते फोनवर रेकॉर्ड कर. थांबवत थांबवत दाखव. कोपऱ्यावरचा दूधवाला कोण, हे सांगणारं आता दुसरं कोणी नाही. तोवर डबा माळ्यावरून उतरवून थंड, कोरड्या कपाटात ठेव, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. झाकण घट्ट लावू नकोस.

तुझा,
अन्या