कपाटातली संहिता बाहेर काढ

नाशिक, रविवार

प्रिय नित्या,

तुझं पत्र मिळालं. ‘एवढ्या पैशात भुताचा सिनेमा होत नसतो’ असं एक निर्माता म्हणाला काय आणि तू संहिता कपाटात टाकलीस काय! मला हे अजिबात पटलेलं नाही. ती बाहेर काढ, पण त्याआधी ‘हॉन्टर’ बघ.

२०१३ चा कॅनडातला सिनेमा आहे. दिग्दर्शक विन्चेन्झो नताली, आपला ‘क्यूब’वाला. १९९७ च्या त्या सिनेमासाठी त्याने १४ फुटांची एकच खोली उभारली आणि भिंतींमागच्या प्रकाशाचे रंग बदलत तिच्यातून अख्खा चक्रव्यूह दाखवला. इथे त्याला एक घर आणि मूठभर नट पुरले आहेत.

साल १९८५. उद्या लिसाचा सोळावा वाढदिवस आहे, आणि तो उद्या उजाडतच नाही. रोज सकाळी धाकटा भाऊ वॉकीटॉकीवर बोलतो, आई धुण्याच्या कपड्यांवरून हाक मारते, बाबा गॅरेजमध्ये गाडीशी झटत असतात, मग तिचा क्लॅरिनेटचा रियाज. बाहेर दाट धुकं. सायकल काढून ती पळते, तर धुक्यातून पुन्हा त्याच घरासमोर! खर्च बघ, सायकल आणि धूर. मला मात्र श्वास घेता येईना.

पण मी खरा हललो तो लिसाच्या आईबाबांमुळे. माणसं प्रेमळ आहेत. ‘आपण कालचाच दिवस जगतोय’ असं पोर जीव तोडून सांगते आणि ते तिला वयाचा परिणाम समजून समजावत राहतात. घरात एकटीलाच कळलंय आणि सांगायला कुणी नाही, यापेक्षा भयंकर कोंडवाडा कुठला? पुढे बाबांचं वागणं बदलतं. एरवी शांत असलेला हा माणूस हातात सिगरेट घेऊन आवाज चढवतो, आणि जेवणाच्या टेबलापाशी बसलेल्या सगळ्यांची बोटं थांबतात. भिंतीतून हात बाहेर यायची गरजच उरत नाही.

थोडं रहस्य फोडतो, रागावू नकोस. हे कुटुंब मेलेलं आहे. म्हणजे ज्याला आपण भूत म्हणू तीच ही घाबरलेली पोर, आणि दुसऱ्या काळात त्याच घरात राहणाऱ्या जिवंत मुलीला वाचवायची धडपडही तिचीच. ॲबिगेल ब्रेसलिनने ही लिसा रडकी होऊ दिलेली नाही, कपाळावर आठी घालून ती घराशी भांडते. उत्तरार्धात काळांच्या उड्यांचा गुंता होतो आणि स्टीफन मॅकहॅटीचा खलनायक जरा जास्तच समजावून सांगतो. तरी लिसाचा हात सुटत नाही.

आता तुझ्या संहितेतली रेवा. दहावीचं वर्ष, आजारपण, वाड्यातली माडी, खाली उतरायला बंदी. अरे, सगळं तुझ्याकडे आहेच! वडाचं झाड, गावजेवण आणि संगणकावर बनवायची ती सावली काढून टाक, निम्मा खर्च तिथेच गेला. दुपारचा प्रसंग ठेव. आई ताट घेऊन वर येते, रेवा म्हणते, ‘तू आत्ताच येऊन गेलीस,’ आणि आई हसून पोळी मोडायला बसते. तो प्रसंग वाचून मी उठून दिवा लावला होता. तसाच दुसऱ्यांदा घे, फक्त आईच्या बांगड्यांचा आवाज नको.

शूटिंग तुझ्या आजोळच्या वाड्यातच करू. मामांशी मी बोलतो, आवाजाचं कामही माझ्याकडे दे. दुसरा खर्डा दिवाळीच्या आत पाठव, आणि आईच्या भूमिकेसाठी कोण डोक्यात आहे तेही कळव.

तुझा,
अव्या