बीपीची गोळी चुकते कुठे, हे आधी विचारा

मा. संपादक,

रक्तदाब आटोक्यात येत नसला की ‘तुम्ही गोळ्या नीट घेत नाही’ असे रुग्णाला सुनावले जाते आणि गोळीची मात्रा वाढवली जाते. गोळी कधी आणि कशामुळे चुकते, हे क्वचितच विचारले जाते. औषधाच्या दुकानात ही कारणे रोज समोर येतात आणि त्यातली बरीचशी सहज दूर होण्यासारखी असतात.

चिठ्ठीवर सवयीने लिहिले जाणारे ‘जेवणानंतर’ हेच पाहा. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र; जेवण नाही म्हणून गोळी नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील रात्रपाळीतून सकाळी येऊन झोपणाऱ्या कामगाराचा ‘नाश्ता’ दुपारी होतो किंवा होतच नाही. टेल्मिसार्टन किंवा ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळ्यांना पोटात अन्न असण्याची गरज नसते. पाण्याबरोबर, रोज ठरल्या वेळी घेतली की पुरते. चिठ्ठीवर ‘उपवासालाही घ्यावी’ एवढे लिहिले तरी नवरात्राचे नऊ दिवस वाचतील. (उपवासाचे सैंधवही मीठच आहे, त्यानेही दाब वाढतो.)

याहून घातक प्रकार तपासणीच्या दिवशी घडतो. रक्ततपासणीला ‘उपाशी पोटी या’ सांगितले की रुग्ण सकाळची बीपीची गोळीही घेत नाही. महिनाभरात अधूनमधून चुकलेल्या गोळ्या आणि त्यात ही एक. आकडा चढा येतो, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची ८० होते किंवा आणखी एक औषध जोडले जाते. मग धास्तीने रुग्ण सगळे नियमित घेऊ लागतो, दाब गरजेपेक्षा उतरतो, उठताना भोवळ येते आणि ‘गोळी मानवत नाही’ म्हणून सगळेच बंद होते. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल, तर बीपीची गोळी तपासणीच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यावी. मधुमेहाच्या औषधाचे मात्र वेगळे, ते विचारूनच. आणि डॉक्टरांनी मात्रा वाढवण्याआधी ‘गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या?’ असे न रागावता विचारावे. रागावून विचारले तर ‘एकही नाही’ हेच उत्तर मिळते.

बीपीसाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळीचे कारण बायका बोलून दाखवत नाहीत. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत विरळणीला, खुड्याला सकाळीच टेम्पोने जाणाऱ्या मजूर बाईला दिवसभर आडोसा मिळत नाही. ती सकाळची गोळी टाळणार, पाणीही कमी पिणार. तिला बेफिकीर म्हणणे अन्याय आहे. काम विचारले तर औषध बदलता येते.

ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते, रामिप्रिल-एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. हे आधी सांगितलेले नसते. मग सुजेसाठी दुसरीकडून पाणी काढायची गोळी आणि खोकल्यासाठी सिरप सुरू होते. मूळ गोळीची मात्रा कमी करणे किंवा ती बदलणे हा सरळ उपाय आहे, पण तो डॉक्टरांकडून. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल आणि क्लोनिडिन या बीपीच्या गोळ्या तर एकाएकी कधीच थांबवू नयेत. दाब उसळतो, हृदयविकार असेल तर जिवावर बेतू शकते.

पाकिटांचा हिशेबही चुकवतो. एका औषधाचे पाकीट दहाचे, दुसऱ्याचे पंधराचे. दोन्हींचे एकेक घेतले की अकराव्या दिवसापासून एकच गोळी चालू राहते आणि दुसरी ‘महिन्याच्या खरेदीत’ आणू म्हणून राहून जाते. चिठ्ठीवर दिवस लिहावेत, दुकानदाराने दोन्ही तितक्याच द्याव्यात. शक्य असेल तिथे दोन औषधांची एकच गोळी बरी. पैशांची अडचण असेल तर जनऔषधी केंद्र आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रातही मोफत मिळते. तिथे एका वेळी ३० दिवसांची द्यावी. दर आठवड्याला रांगेत उभे राहायचे म्हणजे मजुरी बुडते.

आम्हा औषधविक्रेत्यांचीही जबाबदारी आहे. एका कंपनीची गोळी नसली की दुसरीची दिली जाते, रंग-आकार बदलतो. घरी जुनी उरलेली असते आणि नवे नाव म्हणजे वेगळे औषध समजून दोन्ही घेतल्या जातात. बदलून देताना पाकिटावर मराठीत ‘जुन्याच्या जागी ही’ असे लिहावे. आठवड्याची डबी विकताना सांगावे की टेल्मिसार्टन पाकिटातून आधी काढून ठेवायची नाही, दमटपणाने ती खराब होते. कात्रीने पाकिटासकट कप्पा कापून डबीत ठेवावा.

गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली, तर त्या दिवसाची एकच घ्यावी, दोन नाहीत. आणि आकडा १२०/८० आला म्हणून ती बंद करू नये. तो आकडा गोळी चालू असल्यामुळे आलेला असतो.

— एक फार्मासिस्ट, नाशिकरोड